नऊ चाळीसची आजी

आजीचं वय अठ्ठ्याहत्तर. गेली अकरा वर्षं अठ्ठ्याहत्तरच.

*

ज्या प्रश्नाला उत्तर नको असतं, तो विचारल्यावर मनात तीन मोजायचे. दोन मोजले तर प्रश्न पोचत नाही. चार मोजले तर कुणीतरी खोकतं.

*

बसच्या शेवटच्या सीटखाली एक चप्पल सापडली. एकच. ताईने ती दोन आठवडे केबिनमध्ये ठेवली आणि चढणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, "एका पायाने घरी गेलेलं कोणी ओळखीचं आहे का?" या प्रश्नाला उत्तर हवं होतं.

*

महापौरांना 'परिवर्तन' म्हटलं की शिंक येते. का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. म्हणून आम्ही 'बदल' म्हणतो.

*

वाचनालयाच्या वरच्या खोलीत बासष्ट खुर्च्या आहेत. त्यातली एक बसण्यासाठी नाही, दार उघडं धरून ठेवण्यासाठी आहे.

*

कुत्र्यांच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस एका केसाळ पांढऱ्या कुत्र्याला मिळालं. बक्षीस घेताना तो झोपलेला होता.

*

मी भाषणं लिहितो. करत नाही. माझा आवाज चौथ्या रांगेच्या पुढे जात नाही.

*

आजीचं वय सोडलं तर हे सगळं एकाच महिन्यातलं आहे. आता ओळीने सांगतो. मध्येमध्ये कंसात जे शब्द येतील, त्या माझ्या खुणा. भाषणाच्या समासात वक्त्यासाठी मी अशा खुणा करून देतो. इथे वक्ता कोणी नाही, पण हाताला सवय आहे.

(श्वास घ्या)

माझी खोली महापालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीला चिकटून. पलीकडे यंत्र सुरू झालं की माझ्या कपातल्या चहावर बारीक लाटा उठतात. खिडकी आहे, पण ती रंगवताना चौकटीसकट रंगवली, तेव्हापासून उघडत नाही.

त्या सोमवारी महापौर स्वतः आले. ते मला मास्तर म्हणतात. मी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही.

"मास्तर, शनिवारी मैदानावर बोलायचंय. नऊ नंबरची बस बंद करून ती फेरी नव्या वसाहतीकडे वळवायची. जुन्या भागातले लोक ओरडतील."

"ओरडणारच, साहेब."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो."

"साहेब, नऊ नंबर माझी ताई चालवते."

"अरे वा!" साहेबांचा चेहरा उजळला. "मग तुम्हाला माहिती गोळा करायला वणवण नको."

त्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांना खरंच आनंद झाला होता. त्यांनी परिवहन अधिकाऱ्याचा एक कागद माझ्यासमोर ठेवला. त्यावर एकच ओळ ठळक होती: एका फेरीला सरासरी अकरा प्रवासी.

"हा आकडा घालू?" मी विचारलं.

"आकड्याला कोणी टाळी वाजवतं का? माणूस द्या."

माणसं माझ्याकडे तयार असतात. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात कार्डं करून ठेवली आहेत. पहिली नोकरी लागलेली मुलगी. दोन पाळ्या करणारा बाप. परदेशातून परत आलेला इंजिनियर (याला फारशी मागणी नाही). आणि आजी. कापडी पिशवी घेतलेली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, साहेबांना 'बाळा' म्हणणारी आजी. वाचनालयाचं छप्पर बदललं तेव्हा तिने आशीर्वाद दिला. पाण्याची मोठी लाइन आली तेव्हा तिचे डोळे भरून आले. एकदा तिला मी उड्डाणपुलाच्या भाषणातही घातलं होतं. उड्डाणपुलावर ती काय करणार होती देव जाणे, पण टाळ्या पडल्या.

माझा एक नियम आहे. खोट्या माणसाला एक तरी खरी गोष्ट द्यायची. नुसती 'एक आजी भेटली' म्हटलं की लोक जांभया देतात. 'एक आजी भेटली, तिच्या पिशवीचा एक बंद तुटलेला होता' म्हटलं की लोकांना ती दिसते. या वेळी मी तिला एक थांबा दिला आणि एक वेळ दिली. जेवताना ताई नेहमी कुरकुरायची, की नऊ चाळीसला घड्याळाच्या दुकानासमोर गाडी उभी करावी लागते आणि चढतो एक माणूस. एक म्हणजे कोणी नाहीच, असं धरून मी चाललो.

परिच्छेद असा झाला:

*परवा घड्याळाच्या दुकानासमोर मला एक आजी भेटल्या. (आवाज खाली.) नऊ चाळीसच्या बसची वाट बघत होत्या. म्हणाल्या, बाळा, एवढी मोठी गाडी माझ्या एकटीसाठी धावते, मला लाज वाटते. जिथे लेकराबाळांना हवी आहे तिथे ने तिला. मी चालत जाईन. (वर बघा. तीन मोजा.)*

चांगला झाला होता. मी स्वतःशीच दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना माझ्याच तोंडून 'नका आजी, चालत नका जाऊ' आलं. हे आलं की समजायचं, भट्टी जमली.

(वर बघा)

घर दुमजली. मी वर, ताई आणि भावोजी खाली. माझ्याकडे गॅस आहे, पातेली आहेत, सगळं आहे. जेवतो खालीच.

ताईला बोलताना समोर न बघायची सवय आहे. सोळा वर्षं ती मागच्या माणसांशी आरशातून बोलत आली. घरीसुद्धा तुमच्याशी बोलताना तिची नजर डावीकडे वर, जिथे आरसा असायला हवा तिथे जाते. आमच्याकडे त्या जागी कॅलेंडर आहे.

"शनिवारी मला बोलायचंय," ती मंगळवारी माझ्या ताटात बटाटे वाढताना कॅलेंडरला म्हणाली. "महापौरांचं झालं की लोकांना बोलू देणार आहेत. माणशी तीन मिनिटं. डेपोतल्या सगळ्यांनी मला पुढे केलं."

"तुलाच का?"

"का म्हणजे? भाऊ कुणाचा भाषणं लिहितो?"

भावोजींनी मीठ माझ्याकडे सरकवलं. मी मागितलं नव्हतं.

"नऊ बंद झाली तर तू नव्या वसाहतीच्या गाडीवर जाशीलच की," मी म्हणालो.

"ती छोटी गाडी. ठेकेदाराची. ड्रायव्हरही त्याचेच. मला धुलाईवर घेणार आहेत. सोळा वर्षं गाडी चालवली, आता गाड्यांना आंघोळी घालायच्या."

हे तिने हसत सांगितलं, पण डाव तिच्या हातात राहिला नाही आणि चार बटाटे जास्त पडले. ताईला गाडी चालवायची होती. तीच गाडी, त्याच रस्त्याने. पुढच्या पाच दिवसांत ती जे जे बोलली, त्याचा अर्थ एवढाच होता.

"मग तू लिहिशील ना माझं?" तिने विचारलं. आणि लगेच, आरशात मागून कोणी विनातिकीट चढताना दिसावं तशी तिची नजर बदलली. "थांब. तिकडचं कोण लिहितंय?"

भावोजी चावायचे थांबले.

"मी," मी म्हणालो.

"लिहून झालं?"

"पहिला मसुदा."

"चांगलं झालंय?"

"ताई, ते..."

"चांगलं झालंय का, ते सांग."

"झालंय."

"मेल्या!" ती म्हणाली. मग उठून पाण्याचा जग भरून आणला, माझा पेला भरला, आणि बसली. "बरं. माझंही लिही. पण दोन्ही नीट लिही. मला वाचवायला त्यांचं कच्चं ठेवलंस तर मला कळेल. घरात मला काय दया दाखवायची ती दाखव. कामात नको."

"हिला तीन मिनिटं पुरतील का, यावर पैज लावू या," भावोजी म्हणाले. पैज लावायला दुसऱ्या बाजूला कोणी नव्हतं.

(तीन मोजा)

सराव डेपोत. गुरुवारी दुपारी, दोन पाळ्यांच्या मधल्या अर्ध्या तासात, रिकाम्या नऊ नंबरमध्ये. ताई ड्रायव्हरच्या सीटवर, मी तिसऱ्या रांगेत. ती आरशातून माझ्याकडे बघत होती. समोरच्या काचेतून धुलाईची जागा दिसत होती. गुडघ्यापर्यंत बूट घातलेली दोन माणसं पाइप घेऊन पाच नंबर धूत होती.

"पहिली गोष्ट," मी म्हणालो, "तीन. लोकांच्या डोक्यात तीन बसतात. 'ही बस म्हणजे आधार, ही बस म्हणजे सवय, ही बस म्हणजे...'"

"बस."

"ताई."

"बरं, तिसरं काय आहे?"

"तिसरं अजून सुचलं नाही."

"म्हणजे दोनच आहेत. मग तीन कशाला सांगू?"

"तालासाठी. दुसरी गोष्ट, 'आम्ही' म्हणू नको, 'आपण' म्हण. 'आपली बस.' म्हणजे महापौरही त्यात आले."

"ते कुठे आले? त्यांना गाडी आहे."

"तिसरी गोष्ट. प्रश्न विचार. 'आपल्या म्हाताऱ्या माणसांनी जायचं कसं?' आणि थांब."

"थांबून काय करू?"

"काही नाही. तीन मोज."

"आणि कोणी म्हणालं, 'टॅक्सीने', तर?"

"कोणी काही म्हणत नसतं. त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं."

"मग विचारायचा कशाला? मी रोज म्हणते, 'पुढे सरका.' 'आपण पुढे सरकणार की नाही?' असं विचारत नाही. सगळे सरकतात."

मी तिला आणखी एक युक्ती दिली. 'मी हे बोलणार नव्हते, पण आज बोलावंच लागतंय.' ही माझी फार आवडती. हिच्यामागून काहीही सांगितलं तरी ते काळजातून आल्यासारखं वाटतं.

"बोलणार नव्हते तर नाव कशाला दिलं, असं म्हणतील," ताई म्हणाली. "डेपोतून नाव लिहून पाठवलंय."

तरी मी लिहिलेला कागद तिने घेतला, चार घड्या केल्या आणि डोक्यावरच्या उन्हाच्या झडपेत खोचला. तिथे तिचा चष्मा, एक कंगवा आणि कुणाचं तरी हरवलेलं ओळखपत्र आधीच होतं.

"त्यांच्या भाषणात काय आहे?"

"ते सांगता येत नाही."

"माझं त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"मग ठीक. उतर आता, मला निघायचंय." आणि मी उतरताना, मागे न बघता: "पायरी बघ."

(आवाज खाली)

मैदान ज्या कारकुनाने आम्हाला दिलं, त्यानेच ते कुत्र्यांच्या प्रदर्शनालाही दिलं होतं. शनिवारी सकाळी नऊला हे कळलं, तेव्हा मैदानावर दोनशे कुत्रे होते आणि आम्ही तिघे. कुत्र्यांना हलवणं शक्य नव्हतं. सभा शेजारच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत न्यायची ठरली. वेळ तीच, अकरा.

माझ्याकडे दोन तास होते. त्या दोन तासांत मी खुर्च्या पुसल्या, माइकची वायर शोधली, खिडकीजवळचं वर्तमानपत्रांचं टेबल सरकवलं. समासातला एकही 'तीन' मी खोडला नाही. अकरा वर्षांच्या धंद्यात मी केलेली ही सगळ्यात मोठी चूक. मैदानावर प्रश्न भोंग्यातून निघतो, लांबच्या भिंतीवर आपटतो आणि परत येतो. तीन मोजण्यात तेवढा वेळ जातो. शिवाय हजारो माणसांत एकट्याने उत्तर द्यायला कोणी धजत नाही. खोलीत प्रश्न सरळ समोरच्याच्या मांडीवर जाऊन पडतो. तो बिचारा काय करणार? तो उत्तर देतो.

सगळ्या खुर्च्या भरल्या. काही लोक पुस्तकांच्या कपाटांना टेकून उभे राहिले. ताई पहिल्या रांगेत, खिडकीशी. गणवेशात. परिवहन अधिकारी टेबलावर छोटी घंटी घेऊन बसला होता, तीन मिनिटं झाली की वाजवायला. मी मागे, माइकच्या बटणांपाशी.

साहेबांनी सुरुवात झोकात केली. खालून कुत्रे भुंकले, लोक हसले, साहेबही हसले. मग ते कागदावर आले.

"मित्रहो, बदलाला घाबरतं कोण?"

एक. दोन.

"आम्ही," तिसऱ्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या. उद्धटपणे नाही. वर्गात विचारल्यावर सांगावं तसं.

साहेबांनी मान डोलवली. कागदावर पुढचा प्रश्नच होता.

"रिकामी बस धावते, ती कुणासाठी?"

"माझ्यासाठी," नर्सच्या कपड्यातली एक मुलगी म्हणाली. "सकाळची सव्वासहाची. रिकामी नसते पण. कोपऱ्यातल्या सीटवर बेकरीवाले झोपलेले असतात."

"बसलेला असतो," बेकरीवाले कपाटापासून म्हणाले.

लोक हसले. मी समासाकडे बघत होतो. तो कागद माझ्यापासून तीस फूट लांब होता, पण मला तो पाठ होता. पुढची खूण होती, आवाज खाली. साहेबांनी आवाज खाली आणला. खरं सांगतो, त्यांच्याइतका गुणी वाचणारा मला पुन्हा मिळणार नाही.

"परवा," साहेब म्हणाले, "घड्याळाच्या दुकानासमोर मला एक आजी भेटल्या. नऊ चाळीसच्या बसची वाट बघत होत्या..."

"माफ करा हं."

दुसऱ्या रांगेत एक बारीक चणीचे गृहस्थ उठून उभे राहिले. खिशात तीन पेनांच्या जागी तीन बारीक स्क्रूड्रायव्हर. ताई त्यांना घड्याळकाका म्हणते, हे मला तेव्हा आठवलं.

"घड्याळाचं दुकान म्हणजे माझं दुकान."

"हो, हो," साहेब म्हणाले. "तुमच्याच दुकानासमोर."

"नऊ चाळीसला?"

"नऊ चाळीसला."

"मग तो मी असेन."

खोलीत जी हसण्याची लाट आली तिच्यात परिवहन अधिकारीही होता.

"नाही, म्हणजे चेष्टा नाही करत," घड्याळकाका म्हणाले. "चार वर्षं नऊ चाळीसला तिथून मीच चढत आलोय. एकटाच. दवाखान्यात, बायकोला पेपर वाचून दाखवायला. ती ऐकते कमी आणि बातम्यांशी भांडते जास्त. तिथे दुसरं कोणी चढत नाही, आजी तर नाहीच. आणि मी तुम्हाला लाज वाटते वगैरे काही म्हणालो नाही. बाळा तर मुळीच म्हणालो नाही."

'बाळा' साहेब अजून वाचणार होते. घड्याळकाकांना ते कसं कळलं, असं मला क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं, पाण्याच्या लाइनच्या सभेलाही ते असणार. उड्डाणपुलाच्याही. आजी कशी बोलते, ते गावाला पाठ होतं.

साहेबांनी मान वर केली आणि माइकमधूनच विचारलं, "मास्तर, त्या आजी कुठे राहतात?"

सगळ्या माना मागे वळल्या. एक सोडून. ताई वळली नाही. ती खिडकीच्या काचेत मला बघत होती.

'आजी आता मुलीकडे गेल्यात, परगावी.' पाच शब्द. माझ्याकडे असे पाच-पाच शब्द पोत्याने असतात. हे पाच म्हटले की साहेब सुटले असते, मी सुटलो असतो, घड्याळकाका एक गमतीदार म्हातारे म्हणून खाली बसले असते आणि नऊ नंबर वळली असती. मी मोजत होतो. एक. दोन. तीन.

कुणीतरी खोकलं.

"त्या नाहीत, साहेब," मी म्हणालो. "मी लिहिल्या."

माझा आवाज चौथ्या रांगेच्या पुढे जात नाही, पण त्या दिवशी मी मागच्या बाजूला होतो आणि सगळे माझ्याकडे तोंड करून बसले होते.

(कागद बाजूला)

साहेब चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी चष्मा काढला. कागदाची घडी केली. गेल्या अकरा वर्षांत मी त्यांना कागदाशिवाय उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना.

"मग त्या बसमध्ये असतं कोण?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मी लिहिलेला नव्हता. त्यामुळे किती मोजायचं, ते त्यांना माहीत नव्हतं. ते थांबले ते थांबलेच. आणि हळूहळू खोलीतल्या सगळ्यांनी ताईकडे बघितलं.

ताई उठली. बोलायला लोकांकडे तोंड करायला हवं होतं. ती खिडकीकडेच तोंड करून उभी राहिली, लोकांकडे पाठ, नजर काचेत. कुणाला विचित्र वाटलं नाही. बसमध्ये ती अशीच असते.

"सव्वासहा," ती म्हणाली. "डेपोतून नर्सबाई. पुलापाशी बेकरीवाले, झोपलेले."

"बसलेला," बेकरीवाले म्हणाले.

"शाळेपाशी दोन सफाईवाल्या, सख्ख्या जावा. एकमेकींशी बोलत नाहीत, पण शेजारी बसतात. पुढचा थांबा. पोहायला जाणारे निवृत्त पोस्टमन, टॉवेल गळ्यात. बाजारापाशी भाजीवालीची टोपली आधी चढते, मग भाजीवाली. पुढचा थांबा."

ती थांबे घेत गेली. नाव कुणाचं घेतलं नाही. कुणी काठी घेऊन, कुणी पोटुशी, कुणी रोज सुटे पैसे नसलेला. सव्वासहाची झाली, मग सात दहाची घेतली. तीन मिनिटांनी अधिकाऱ्याने घंटी वाजवायला हात उचलला, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या बाईंनी उठून ती घंटी उचलली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. नऊ चाळीसची फेरी आली. "घड्याळाचं दुकान. घड्याळकाका. मी तिथे दोन मिनिटं जास्त थांबते, ते वरिष्ठांना माहीत नाही, आता झालं."

माझ्या डोक्यात सवयीने खुणा पडत होत्या. इथे यादी. इथे 'पुढचा थांबा'ची पुनरावृत्ती, ध्रुवपदासारखी. इथे हशा, लगेच पुढे. तिला यातलं एक नाव सांगता आलं नसतं. तिला फक्त रस्ता माहीत होता.

बावीस मिनिटांनी ती शेवटच्या फेरीच्या शेवटच्या थांब्यावर आली आणि पहिल्यांदा वळली. साहेबांकडे नाही, परिवहन अधिकाऱ्याकडे.

"तुमचा अकराचा आकडा बरोबर आहे. मीही मोजलेत. फक्त दर फेरीला ते वेगळे अकरा असतात."

आणि बसली. टाळ्या लगेच पडल्या नाहीत. लोक बहुधा उतरत होते.

(टाळ्या. असल्यास.)

मंगळवारी ठराव बदलला. सकाळच्या सगळ्या फेऱ्या राहिल्या; दुपारच्या तीन काढून नव्या वसाहतीला दिल्या. ताई दुपारी दोन तास धुलाईवर असते. "माझीच गाडी धुते," ती म्हणते. "दुसऱ्याची आली की पाण्याचा जोर कमी करते."

साहेबांनी मला बोलावलं. "मास्तर, माझा राग नाही. पण आता तुम्ही लिहिलेलं वाचायला घेतलं की प्रत्येक माणसाशी मी अडखळणार. हा आहे का? ही आहे का? अशाने भाषण होत नाही हो." मला पाणीपुरवठा विभागात दिलं. तिथे मी सूचना लिहितो. 'उद्या सकाळी पाणी येणार नाही.' पाच शब्द. तिनाचा ताल नाही, आजी नाही, समास कोरा. हे वाक्य सगळं गाव वाचतं, परत परत वाचतं, आणि वाचून लगेच उठतं.

"आता कुठे लोक तुझं ऐकायला लागले," ताई म्हणाली. "तू लिहितोस, ते बादल्या भरतात."

सभेच्या दिवशी संध्याकाळी मात्र ती एवढं बोलली नव्हती. मी वर जात होतो, ती जिन्याखाली बूट काढत होती.

"तुला थाप मारता आली असती," ती बुटाला म्हणाली.

"हो."

"मग?"

"सुचली नाही."

"हं. तुला!" ती बराच वेळ नाडी सोडवत बसली. "मी तुझं लिहिलेलं वाचलं नाही, राग आला?"

"थोडा."

"कागद ठेवलाय मी. पाच नंबरवाले घाबरलेत, त्यांना देईन. 'ही बस म्हणजे आधार' वगैरे. तिसरं सुचलं का?"

"नाही."

"बघ. दोनच असतात. ये जेवायला."

घड्याळकाकांच्या बायकोला सभेच्या तीन दिवस आधी, बुधवारी, दवाखान्यातून घरी सोडलं होतं, आणि दोघं घरी आले ते ताईच्याच नऊ नंबरच्या बसने. म्हणजे शनिवारी नऊ चाळीसला त्या थांब्यावर चढणारं कोणीच उरलं नव्हतं, आणि हे घड्याळकाकांना माहीत होतं, ताईलाही.